पलीकडच्या काठाचा ठेचा

बुन्सोंगने ताटातला बांगडा अर्धाच खाल्ला, उरलेला अर्धा भाताच्या ढिगाखाली नीट झाकला आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत तो हात धुवायला उठला. ताटात झाकलेला मासा नवऱ्याला वाटतो तितका कधीच झाकला जात नाही. प्रानोमने बोटाने भात बाजूला सारला आणि त्या अर्ध्या बांगड्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. बांगडा ताजा होता. मंद आचेवर, कुठेही न करपवता तळलेला. शेजारच्या वाटीत तिच्या हातचा ठेचा होता. खारवून कुटलेल्या जवळ्याची कापी, लसूण, मिरची, लिंबू आणि माडाचा गूळ यांचं प्रमाण आईने तिच्या हाताला शिकवलं होतं, आणि त्या हाताने आजवर कधी दगा दिला नव्हता. ठेच्यात फक्त एका बोटाचा ओरखडा उमटला होता.

"ता, बरं वाटत नाही का?" तिने विचारलं.

मुलं झाली, नातवंडं झाली, तेव्हापासून कालव्याकाठच्या रीतीप्रमाणे दोघं एकमेकांना 'ता' आणि 'याय', म्हणजे आजोबा आणि आजी, एवढंच म्हणत. त्याआधी काय म्हणत असत ते दोघांच्याही लक्षात होतं. पण ते शब्द आता लग्नातल्या कपड्यांसारखे झाले होते. जपून ठेवावेत, अंगावर चढवू नयेत.

बुन्सोंगने पाठमोरा राहूनच मान हलवली. मग त्याने कोपऱ्यातली हातोडी उचलली, हनुवटीने कालव्यापलीकडचा काठ दाखवला आणि होडीची दोरी सोडली.

पलीकडच्या काठावर सामली राहत होती.

सामली विधवा होती, प्रानोमहून थोडी लहान, अंगाने भरलेली आणि स्वभावाने हसरी. तिला कमी ऐकू येतं हे सगळ्या कालव्याला ठाऊक होतं, कारण तिच्याशी बोलायचं म्हणजे सगळ्या कालव्याशीच बोलावं लागे. तिच्या धक्क्याची एक फळी हलते म्हणून बुन्सोंग पाऊस सरल्यापासून तिकडे जात होता. एका फळीला किती खिळे लागतात ते प्रानोमला माहीत होतं. आजवर तिकडे गेलेल्या खिळ्यांत एक नवी होडी बांधून झाली असती.

प्रानोम वाळत घातलेल्या लुंग्यांच्या आड जाऊन उभी राहिली. पलीकडे हातोडीचे दोन घाव पडले, तिसऱ्याची वाट पाहावी तर तो आलाच नाही. सामली आतून थाळा घेऊन आली होती. बुन्सोंग फळीवरच मांडी घालून बसला. घरी अर्ध्या बांगड्याने पोट भरलेला हा माणूस आता भाताचे मोठाले घास ठेच्यात बुडवत होता, कपाळावरचा घाम पुसत होता आणि हसत होता.

"वा!" त्याचा आवाज पाण्यावरून थेट आला. "सामली, याला म्हणतात ठेचा! वाढ अजून!"

"आणखी हवाय, पी? घ्या की! तुमच्यासाठीच तर कुटलाय!"

'पी' म्हणजे दादा. पण या काठावर पोरी ज्याला मनात धरतात त्यालाही 'पी'च म्हणतात, आणि लुंग्यांच्या आड उभी असलेली प्रानोम एकेकाळी पोर होती. तिने मुठीत धरलेल्या ओल्या लुंगीतून पाणी टपटप पायावर पडू लागलं.

तिला लागलं ते खाण्याचं नव्हतं. लागला तो आवाज. बुन्सोंग जन्मापासून हळू बोलणारा. पण गेली दोन वर्षं तर घरात त्याने बोलणंच टाकलं होतं. समोर बसून जेवायचा, ओठ हलल्यासारखे वाटायचे, आणि शब्द नाही. सगळंच कसं मुकं होत चाललं होतं. बागेतले रातकिडेसुद्धा गप्प झाले होते. फवारणीने मेले असणार, असं प्रानोमने ठरवून टाकलं होतं. विहारातले थोरले भंतेही हल्ली पाठ मनातल्या मनातच म्हणत. वय झालं की माणसं आटतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आणि आज तोच आटलेला माणूस पलीकडच्या काठावर दुथडी भरून वाहत होता.

दुसऱ्या दिवशी लिंबाची पानं मागायचं निमित्त करून ती स्वतः होडी वल्हवत पलीकडे गेली.

"ताई! या, या!" सामलीने तिचा हात धरून तिला वर घेतलं. "किती दिवसांनी! जेवूनच जायचं हं!"

"जेवून आलेय मी."

"हो ना, वाढतेच!" सामली म्हणाली आणि आत गेली.

समोर थाळा आला. ठेचा रंगाने काळपट होता. प्रानोमने काकडीच्या फोडीने थोडासा उचलला आणि जिभेवर ठेवला.

पहिल्या क्षणी काहीच कळलं नाही; मोठा आघात असाच होतो. मग मीठ आलं. मिठामागून कापी आली, एका खलात चार खलांची. तिच्यामागून मिरची आली आणि तिने मागचे-पुढचे सगळे दरवाजे बंद करून घेतले. प्रानोमच्या डोळ्यांना धारा लागल्या. थुंकावं तर समोर सामली दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसावं तशी बसलेली.

"कसा झालाय?"

प्रानोमने मान हलवली. जीभ हलण्याच्या अवस्थेत नव्हती.

"रडू आलं ना?" सामली आनंदून म्हणाली. "पी पण असेच, डोळे पुसत पुसत खातात! वाटी अगदी चाटून ठेवतात!"

परतताना प्रानोमने कालव्याच्या मधोमध वल्हं थांबवलं. तिच्या मनात एक विचार आकार घेत होता, आणि तो इतका सरळ होता की त्यातून सुटका दिसेना. बाईच्या हाताला चव असली आणि पुरुष तिच्याकडे जेवायला गेला, तर ती भूक म्हणावी. भुकेवर इलाज असतो. पण हे असलं मिठागर जो माणूस हसत हसत, मागून मागून खातो, त्याला भूक कसं म्हणणार? एवढं सोसणं माणसाला एकाच कारणाने जमतं.

"प्रेम," ती पाण्याला म्हणाली. पाण्याने उत्तर दिलं नाही. हल्ली कोणीच देत नव्हतं.

तिने लढायचं ठरवलं. पहिल्या दिवशी तिने नारळाच्या पहिल्या दुधात खेकडे शिजवले. इतके नाजूक, की वासावरूनच त्यांची गोडी कळावी. बुन्सोंगने दोन घास घेतले, ओठ हलवले आणि तो उठला. दुसऱ्या दिवशी तिने कोवळ्या फणसाची आमटी केली. ती निम्मी कुत्र्याने खाल्ली, आणि कुत्र्याने निदान शेपूट तरी हलवली.

मग ती स्वतःकडे वळली. पपनसाच्या बागेत फुलं आली होती. लग्नाच्या आधी ही फुलं अंबाड्यात खोवून ती बांधावरून गेली, की बुन्सोंग माडावर असला तरी रस काढायचा सोडून खाली यायचा. "वरून दिसलीस" असं म्हणायचा नाही. "वरून कळलीस" म्हणायचा. प्रानोमने मूठभर फुलं अंबाड्यात खोवली आणि ती त्याच्यासमोरून दोनदा गेली. बुन्सोंग गुळाच्या कढईत झारा फिरवत होता. त्याने मान वर केली नाही. उलट त्या दिवशी कढई करपली, आणि त्याने लाकडांना नावं ठेवल्यासारखं लाकडांकडे पाहिलं.

शेवटी तिने मुलीने शहरातून पाठवलेली अत्तराची बाटली काढली. मुलगी म्हणाली होती, एक थेंब पुरे. प्रानोमला वाटलं, प्रश्न एका थेंबाचा राहिलेला नाही.

भाजीची होडी घेऊन येणारी चिट धक्क्याला लागली आणि तिथेच तिला सलग शिंका सुटल्या. "मावशी!" ती बाहीने नाक धरून ओरडली. "बाटली अंगावर फुटली का काय?"

"का गं? येतोय वास?"

"येतोय? पुलापासून येतोय! मला वाटलं, कोणाकडं लग्न आहे!"

"मग यांना कसा येत नाही?" प्रानोमने पायरीवर बसलेल्या बुन्सोंगकडे बोट केलं. तो हातभर अंतरावर बसून शांतपणे विळ्याला धार लावत होता. कुत्रा केव्हाच बागेच्या पलीकडे जाऊन बसला होता.

चिटने दोघांकडे पाहिलं, वांगी मोजून दिली आणि आवाज खाली आणून ती काहीतरी म्हणाली. ते प्रानोमला कळलं नाही. पण चिटच्या चेहऱ्यावरची कणव कळली, आणि कणव कळायला कान लागत नाहीत. नवऱ्याच्या लेखी आपण हवेसारख्या झालो आहोत, हे आता भाजीवालीलाही दिसत होतं.

तेव्हा प्रानोमने शेवटचा डाव विहारात टाकायचं ठरवलं.

उपोसथाच्या, म्हणजे बौद्ध व्रताच्या दिवशी सगळा कालवा विहारात भोजनदान घेऊन येई. भंते दुपार व्हायच्या आत जेवत; तोवर गावकरी हात जोडून समोर बसत, आणि भंतेंचं झालं की उरलेलं सगळे मिळून खात. भंतेंनी अमुक हवं म्हणायचं नाही, तमुक बरं झालंय असंही म्हणायचं नाही. त्यामुळे कालव्यावरच्या बायकांना थोरल्या भंतेंचा चमचा वाचता येई. तो कोणत्या वाटीकडे गेला, किती भरून गेला आणि पुन्हा गेला का, यावर पुढच्या उपोसथापर्यंतची इज्जत ठरे. वाट्या मांडायचं काम प्रानोमकडे होतं. तिची स्वतःची वाटी नेहमी थोरल्या भंतेंच्या उजव्या हाताशी असे. सामलीची वाटी चटईच्या टोकाला, लोणच्याच्या बरणीमागे. आणि ती तिथेच का असते हा प्रश्न आजवर कोणाला पडला नव्हता.

त्या दिवशी प्रानोमने दोन्ही वाट्यांची जागा बदलली.

बेत साधा होता. भंते एक चमचा घेतील आणि थांबतील. मग गावकरी जेवायला बसतील, आणि हा ठेचा काय चीज आहे ते प्रत्येकाच्या जिभेला कळेल. त्या गावकऱ्यांत बुन्सोंगही असेल. चार माणसांच्या चेहऱ्याकडे पाहून तरी त्याला लाज वाटेल. माणसाचं प्रेम एकवेळ एकांतात टिकतं. चारचौघांच्या तोंडासमोर टिकणं अवघड.

सामलीने आपली वाटी कुठे आहे ते पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. "ताई," ती आख्ख्या विहाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही माझा केवढा मान राखलात! हे मी जन्मात विसरणार नाही!"

"विसरू नकोच," प्रानोम म्हणाली.

थोरले भंते ऐंशीच्या पुढचे, सुकलेल्या सुपारीसारखे. त्यांनी चमचा उचलला. तो उजवीकडच्या वाटीत बुडाला, भाताला लागला आणि तोंडात गेला. भंते थांबले. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या.

मग त्यांनी डोळे उघडले आणि चमचा पुन्हा वाटीत बुडवला. या वेळी काठोकाठ भरून.

त्यांच्या शेजारच्या वृद्ध भंतेंनी हे पाहिलं आणि हात लांब केला. शेवटी बसलेल्या नव्या, तरुण भंतेंच्या पानातही थोडासा ठेचा गेला. त्यांनी घास घेतला, त्यांचे कान लाल झाले, आणि मग ते पाण्याचा तांब्या हातातून खाली ठेवेनात. पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या बायका थोरल्या भंतेंचा चमचा वाचत होत्या. तो वाटीचा तळ खरवडत होता.

प्रानोमच्या मनात जे आलं ते इतकं भयंकर होतं, की तिने तिथल्या तिथे कपाळ जमिनीला टेकवून बुद्धमूर्तीची क्षमा मागितली. पण आलेला विचार गेला नाही. हेसुद्धा?

गावकरी जेवायला बसले तेव्हा तर कहर झाला. पातेल्यात उरलेल्या सामलीच्या ठेच्यावर सगळी म्हातारी मंडळी तुटून पडली. तरुण माणसं कालव्यावर उरली होतीच कुठे? ती सगळी शहरात होती. इथे पांढरी डोकी होती, आणि ती सगळी पातेल्यावर वाकली होती.

"अरे, किती दिवसांनी जेवणाला चव आली!"

"तेच म्हणतोय मी! हल्ली सगळं कसं ओल्या कागदासारखं लागतं. मला वाटायचं, तांदूळच बदललाय."

"प्रानोम, तुझ्या ठेच्यात मीठ घालायचं राहिलं का गं?"

"मीठ?" प्रानोमचा आवाज चिरकला. "अहो, तो खारट आहे तिचा! तोंडात धरवत नाही!"

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. एका आजीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे गं. वय झालं की जीभ जाते. माझ्या आईचंही असंच झालं होतं."

प्रानोमने आपल्या वाटीकडे पाहिलं. ती मांडली तशीच होती. आयुष्यभराच्या प्रमाणात कुटलेला ठेचा, आणि त्याला एका बोटाचाही ओरखडा नाही. समोर, पुरुषांच्या रांगेत, बुन्सोंग सामलीच्या ठेच्यात भात कालवत होता आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसून काहीतरी सांगत होता. तो हसत होता. तिच्या मनाने उरलेला एकुलता एक निष्कर्ष काढला. एक पुरुष वेडा झाला तर ते प्रेम. सगळा गाव वेडा झाला, तर त्या वाटीत काहीतरी कालवलेलं आहे. असल्या गोष्टी ती आजीकडून ऐकत आली होती. अन्नातून करतात. मंतरलेलं तेल, कसलीशी मुळी.

ती सरकत सरकत सामलीच्या शेजारी गेली. चारचौघांत तमाशा करणारी बाई ती नव्हती. तिने सामलीच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ठेच्यात काय कालवतेस गं? वशीकरण?"

निदान तिला तो आवाज हळू वाटला.

कोणाचा घास हातात राहिला, कोणाचा गालात. खांबावरचं कबूतर उडालं. विहारातल्या प्रत्येकाने तो प्रश्न स्पष्ट ऐकला होता. ऐकला नव्हता तो फक्त सामलीने.

"काय म्हणालात, ताई?" सामलीने प्रेमाने विचारलं. "जरा मोठ्यानं बोला की!"

आणि प्रानोम मोठ्याने बोलली. "वशीकरण! म्हटलं, ठेच्यात वशीकरण घालतेस का? माझ्या नवऱ्यावर!"

कालव्यावर दूर कुठेतरी एक होडी थांबल्याचं नंतर लोक सांगत.

सामलीच्या चेहऱ्यावरचं हसू आधी अर्धं झालं, मग गेलं. तिने बुन्सोंगकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं आणि पुन्हा प्रानोमकडे. "तीन मुठी कापी घालते, ताई," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "आणि मीठ दिसेल तेवढं. मला कसलीच चव कळत नाही हो. मिस्टर गेले त्याच्या पुढच्या वर्षापासून. म्हणून जिभेला काही लागेपर्यंत घालत राहते. पी खातात, बरं म्हणतात. दुसरं कोण जेवतंय माझ्या हातचं?"

तेव्हा थोरल्या भंतेंनी घसा साफ केला. "उपासिके," ते म्हणाले, आणि ते बोलले तेव्हा त्यांचे ओठ प्रानोमला नीट दिसत होते, "वाटी मीही रिकामी केली आहे. वशीकरण असेल, तर माझीही चौकशी करावी लागेल."

प्रथम एक म्हातारा खोकला, मग खोकल्याचं हसू झालं आणि ते चटईभर पसरलं. प्रानोमला वाटलं, विहाराची जमीन लाकडी आहे. फळ्यांमध्ये फटी आहेत. माणूस बारीक असता तर.

बुन्सोंगने येऊन तिचा दंड धरला आणि तिला होडीकडे नेलं.

होडीत ती पुढच्या टोकाला बसली, त्याच्याकडे पाठ करून. तो मागे बसून वल्हवत होता. काठावरचे माड, त्यांना टेकवलेल्या शिड्या, रसाच्या नळ्या, पाण्यावर डोकावणारी बिनमाणसांची घरं, सगळं तिच्या ओल्या डोळ्यांसमोरून संथपणे मागे जात होतं. ती वाट पाहत होती. आता तरी तो काही बोलेल. शिवी देईल, निदान माफी मागेल. कालव्याचं तोंड आलं, पूल गेला, भाताची गिरणी गेली. मागून एक शब्द नाही. तिला जाणवलं, की सामलीवर आळ घेताना तिला जितकं वाईट वाटलं नव्हतं तितकं या गप्प बसण्याचं वाटतंय. माणूस दुसऱ्या कोणाचा झाला, तरी भांडून आपला करता येतो. जो भांडतच नाही, त्याचं काय करायचं?

धक्का आला. होडी फळीला घासली, आणि ती गर्रकन वळली.

"एवढी वाट आलो! एक शब्द काढला नाहीत तोंडातून! मी मेले का तुमच्यासाठी?"

बुन्सोंगच्या हातातलं वल्हं तसंच राहिलं. त्याचे डोळे लाल होते आणि गाल ओले होते. त्याने तोंड उघडलं, आणि ती समोरून पाहत होती म्हणून तिला ते कळलं.

"अगं याय, विहारापासून मीच बोलतोय! तूच उत्तर देत नाहीस!"

"कधी बोललात?"

"आत्ता! पुलाखालून येताना रडलोसुद्धा!"

"मला नाही ऐकू आलं."

पाणी फळ्यांवर आपटत होतं. त्याचा आवाज होत असणार.

"काल?" प्रानोमने विचारलं. "काल जेवताना बोलला होतात?"

"रोज बोलतो. जेवून उठताना रोज सांगतो, छान झालंय म्हणून. तू मान वर करत नाहीस. मला वाटलं, पहिल्यांदा गूळ करपला तेव्हापासून धरलाहेस राग मनात. दोन वर्षं!" त्याने ओला गाल खांद्याला पुसला. "तिकडं गेलं की सामली काय म्हणालात, काय म्हणालात करत तीनदा विचारते. बरं वाटायचं. कोणीतरी विचारतंय."

"आणि खायचात दोन घास! छान झालंय तर?"

त्यावर बुन्सोंग खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"तोंड वर करा," प्रानोम म्हणाली. "मोठ्यानं. मला ऐकू येत नाही, कळलं ना आता?"

बुन्सोंगने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. विहारातून परतणाऱ्या होड्या एकामागून एक कालव्यात शिरत होत्या. जी गोष्ट त्याने दोन वर्षं गूळ नेणाऱ्या व्यापाऱ्यापासून, मुलीपासून आणि सगळ्यात जास्त या बाईपासून लपवली होती, ती होडीत पाठमोऱ्या बायकोला सांगणं त्यातल्या त्यात सोपं होतं. आता ती उजेडात, छाती भरून सांगायची होती.

"मला वास येत नाही!" तो ओरडला.

"कसला?"

"कसलाच! गूळ करपतो तो कळत नाही! लाकडांचा काही दोष नाही! तुझं जेवण तोंडात जातं आणि नाहीसं होतं! तिच्या ठेच्याची निदान आग तरी लागते!"

"मग छान झालंय म्हणून सांगायचात ते खोटंच?"

"खोटं कसं? जन्मभर छान होत होतं, ते आत्ताच कसं बिघडेल?"

प्रानोमला हसावं की रडावं कळेना. तिच्या पोटात एवढे दिवस मिरचीसारखं जे जळत होतं, ते हळूहळू निवू लागलं. पण जळण एकदम थोडंच विझतं! एक निखारा उरतोच. तिने त्या निखाऱ्यावर फुंकर घातली.

"त्या दिवशी मी फुलं घातली होती डोक्यात. समोरून दोनदा गेले."

बुन्सोंगचा चेहरा पडला. त्याने वल्हं खाली ठेवलं आणि होडीत तोल सावरत तो उभा राहिला, कारण बसून तेवढा आवाज निघाला नसता.

"नाही कळलं गं मला!" त्याचा आवाज फाटला. "आधी माडावरून कळायचीस! डोळे मिटले तरी कळायचीस! आता शेजारी झोपतेस तरी हात लावून बघावं लागतं! सगळ्यात जास्त तेच गेलं माझं! बाकी गेलं तर जाऊ दे!"

चिटच्या होडीचं वल्हं हवेतच थांबलं. तिच्या मागच्या होडीतली म्हातारी माणसं आपापली दिशा सोडून याच धक्क्याकडे पाहत होती. बुन्सोंगच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

प्रानोमला अक्षर न् अक्षर ऐकू आलं होतं. तिने कपाळावरची बट मागे सारली आणि पलीकडच्या काठाकडे एक नजर टाकली. सामली नुकतीच धक्क्यावर उतरली होती आणि पाठमोरी बसून रिकामं पातेलं धूत होती. उद्या तिच्याकडे जाऊन हात जोडायचे होते. ते तर करायलाच हवं होतं, आणि प्रानोम ते करणार होती. पण ते उद्या.

तिने तळहात कानामागे धरला.

"काय म्हणालात? नाही ऐकू आलं."

बुन्सोंगने छाती भरून घेतली आणि सगळं पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द लावून. पुलावर दोन माणसं येऊन उभी राहिली.

पलीकडे सामली पातेलं घासतच होती.

"अजून जरा मोठ्यानं, ता," प्रानोम म्हणाली. "तिकडं कुठं पोचलंय अजून?"